शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र: युरोपात शिकताना वीकेंडची सहल कशी आखावी

ऑगस्ट आला की नाशिकमध्ये व्हिसा हातात पडलेल्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं बँक खातं) झालं, विमा झाला, खोलीचं अर्धंमुर्धं जमलं, की कॉलेज रोडवर चहा घेता घेता सिनियरला तो प्रश्न येतोच: "तिकडे गेल्यावर फिरायचं कसं?" सोबत यादी तयार असते. पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, रोम, स्वित्झर्लंड. झालंच तर आइसलँड. यादीला हरकत नाही. पण वीकेंडची सहल यादीपासून आखायला घेतली की अर्धी सहल स्टेशनवरच्या बाकावर जाते. ती तासांपासून आखावी लागते.

हिशेब करून बघा. शुक्रवारची लॅब आटोपून संध्याकाळी ६ ला मोकळे झालात आणि रविवारी रात्री १० ला खोलीवर परत यायचं असेल, तर हातात ५२ तास. दोन रात्रींची झोप १६ तास, उरले ३६. जायला पाच आणि यायला पाच तास धरले की उरले २६. त्यातून जेवण, आंघोळ, रांगा आणि रस्ता चुकणं वजा करा. उरतं ते एका शहरापुरतं. म्हणून मी सगळ्यांना एकच पट्टी देतो: खोलीच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत एका बाजूने पाच तासांपेक्षा जास्त लागत असतील, तर ते ठिकाण वीकेंडच्या यादीतून काढून सेमिस्टरच्या सुट्टीच्या यादीत टाका. आइसलँड तिकडेच.

नाशिकची बरीच मुलं जर्मनीला जातात म्हणून पुढची उदाहरणं जास्त करून तिथली आहेत. पॅरिसला किंवा मिलानला असाल तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: कागद

शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आत आला, रोमानिया आणि बल्गेरिया जमिनीवरच्या सीमांसह २०२५ पासून पूर्णपणे आले. यातल्या कोणत्याही देशाचा विद्यार्थी म्हणून मिळालेला डी व्हिसा (लांब मुक्कामाचा व्हिसा) किंवा रेसिडेन्स परमिट (राहण्याचा परवाना) तुमच्याकडे असेल, तर बाकीच्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. तुम्ही जिथे शिकता त्या देशातले दिवस यात धरत नाहीत. शनिवार-रविवार फिरणाऱ्याचे ९० दिवस सहसा संपत नाहीत, तेव्हा वही घेऊन मोजत बसायची गरज नाही.

घोळ होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. युरोपियन युनियन आणि शेंगेन या दोन वेगळ्या याद्या आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत, म्हणून तिथे जाता येतं. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही, म्हणून भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटन तर दोन्हींच्या बाहेर. पॅरिसहून लंडन गाडीने अडीच तासांच्या आत आहे हे खरं, पण त्या अडीच तासांसाठी ब्रिटनचा व्हिसा आधी काढावा लागतो. ठाण्याची मावशी लंडनला असली तरी!

दुसरी अडचण पहिल्या हिवाळ्यात येते. डी व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो आणि त्याची मुदत संपायच्या आत परमिटचं कार्ड हातात यायला हवं. मोठ्या शहरांत परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंटच उशिरा मिळते. व्हिसा संपला, कार्ड आलं नाही आणि हातात फक्त अर्ज केल्याचा कागद आहे, अशा मधल्या काळात देशाची सीमा ओलांडू नका. ओलांडायचीच असेल तर कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर मिळवा. मित्राचा मित्र तसाच जाऊन आला होता, हे उत्तर नव्हे.

विम्याचंही याच पायरीवर बघून घ्या. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपियन आरोग्य कार्ड छापलेलं असतं आणि ते युनियनच्या बहुतेक देशांत तातडीच्या उपचारांना चालतं. पण भारतीय नागरिकांसाठी त्यात अपवाद आहेत. स्वित्झर्लंड आणि डेन्मार्क हे त्यातले दोन. तिकडे निघताना काही युरोंचा प्रवास विमा काढलेला बरा. आल्प्समध्ये घसरून पाय मोडला तर हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येतं.

दुसरी पायरी: आधी जवळचं

पहिले दोन महिने विमानाचा विचारही करू नका. सिटी रजिस्ट्रेशन, बँक, मेन्झातलं (विद्यापीठाच्या कॅन्टीनमधलं) जेवण आणि प्रोफेसरांचं बोलणं अंगवळणी पडेपर्यंत एका दिवसाच्या सहली करा. जर्मनीत त्यासाठी डॉइचलँडटिकेट हे महिन्याचं तिकीट आहे. २०२६ पासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो झाली आहे. बऱ्याच विद्यापीठांत ते सेमिस्टर फीमधूनच सवलतीत मिळतं. या तिकिटावर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (उपनगरी गाडी), मेट्रो, ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्या मात्र चालत नाहीत. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त प्रादेशिक वाहतूक दाखवणारा पर्याय असतो, तो आधी चालू करा, नाहीतर ॲप तुम्हाला आयसीईच दाखवत राहील.

म्युनिकच्या मुलांसाठी साल्झबर्ग हा पहिला धडा मला सगळ्यात चांगला वाटतो. शहर ऑस्ट्रियात आहे, पण डॉइचलँडटिकेट साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. प्रादेशिक गाडीला पावणेदोन-दोन तास लागतात, म्हणजे पाच तासांच्या पट्टीत आरामात बसतं. सकाळी ७ च्या सुमाराची गाडी घ्या. गाडीत जाताना उजव्या हाताला बसा, हवा स्वच्छ असेल तर डोंगर त्याच बाजूला दिसतात. साल्झबर्गला उतरल्यावर तिथल्या शहर बसला तुमचं तिकीट चालत नाही, पण बसची गरजच नाही. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की मिराबेल बाग लागते, ती फुकट आहे. पुढे पूल ओलांडला की जुनं शहर, मोझार्टचा जन्म झाला ती गेट्रायडेगासे गल्ली आणि वर १०७७ मध्ये बांधायला घेतलेला होहेनसाल्झबर्ग किल्ला. किल्ल्यावर जायला केबल रेल्वे आहे, पण ज्याने हरिहर गडाच्या पायऱ्या चढल्या आहेत त्याने तिचं तिकीट काढू नये.

परतीची गाडी सीमेवरच्या फ्रायलासिंगला थांबते. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी लावली आहे, आणि इथे पोलीस डब्यात चढून एकेका रांगेपाशी थांबतात. त्यांना मूळ पासपोर्ट आणि मूळ परमिट हवं असतं. मोबाइलमधला फोटो, कलर झेरॉक्स, विद्यापीठाचं ओळखपत्र यातलं काहीही चालत नाही. शेंगेनमध्ये सीमाच नाहीत असं ऐकून पासपोर्ट खोलीवर ठेवून येणाऱ्यांना इथे खाली उतरवतात. एका दिवसाच्या सहलीलासुद्धा दोन्ही कागद अंगावर हवेत, पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नव्हेत.

अशी जवळची जोडी प्रत्येक शहराला असते. आखनला शिकत असाल तर मास्त्रिख्त आणि लिएज, मिलानला असाल तर बर्गामो आणि कोमो, व्हिएन्नाला असाल तर तासाभरावर ब्रातिस्लाव्हा. नाशिकच्या काकू फोनवर "एवढं युरोपला गेलास आणि पॅरिस नाही बघितलंस?" म्हणतील. म्हणू द्या.

तिसरी पायरी: तारखा

सहलीच्या तारखा परीक्षांच्या वेळापत्रकातून काढाव्या लागतात. जर्मनीत परीक्षांचा जोर फेब्रुवारी आणि जुलैत असतो, त्यामुळे ऑक्टोबर, नोव्हेंबरची सुरुवात आणि मे-जून हे मोकळे महिने. मे महिन्यात गुरुवारी येणारी असेन्शनची सुट्टी आली की सगळा देश शुक्रवारही जोडून घेतो. चार दिवस मिळतात, पण ते सगळ्यांनाच मिळतात आणि तिकिटं मार्चपासून चढायला लागतात. ईस्टरचंही तसंच.

काही तारखा टाळलेल्या बऱ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारापर्यंत ऑक्टोबरफेस्ट असतो, आणि त्या काळात म्युनिकमध्ये हॉस्टेलचा बेड शोधणं म्हणजे सिंहस्थाच्या पर्वणीला पंचवटीत खोली शोधणं. ॲमस्टरडॅमला २७ एप्रिलचा राजाचा दिवस, कोलोनला फेब्रुवारीतला कार्निव्हल. मजा आहे, पण स्वस्तात होणार नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस ख्रिसमस बाजार लागतात, ते मात्र चुकवू नका. फक्त डिसेंबरात बर्लिनला ४ वाजताच अंधार पडतो, तेव्हा डोंगर-किल्ल्यांचा बेत आखू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं. त्या दिवशी सकाळची गाडी असेल तर झोपेतला तास गेलाच.

चौथी पायरी: गाडी, बस की विमान

इथे सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

स्वस्त विमान कंपन्यांचं २० युरोचं तिकीट दिसलं की हात शिवशिवतो. तिकीट काढण्याआधी विमानतळाचं नाव नकाशावर टाका. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरच्या आसपास. म्युनिकच्या नावाने खपणारं मेमिंगन ११० किलोमीटरवर. आता मेमिंगनहून सकाळी ७ चं विमान घेतलंत असं समजा. दोन तास आधी पोचायचं म्हणजे पहाटे ५. तिथवर जायला रात्रीच्या गाड्या नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी जाऊन तिथेच मुक्काम किंवा टॅक्सी. पलीकडे उतरल्यावर शहरात जायला बसमध्ये सव्वा तास, आणि तिचं भाडं कित्येकदा विमानाच्या भाड्याएवढंच. दीड तासाच्या उड्डाणासाठी दारापासून दारापर्यंत आठ-नऊ तास गेले. पाच तासांच्या पट्टीत हे तिकीट बसत नाही, मग ते फुकट का असेना.

विमानच घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी. एक, फुकट नेता येणारी बॅग ही आसनाखाली मावणारी, साधारण ४० × ३० × २० सेंटीमीटरची, कॉलेजची सॅक. गेटवर बॅग मोठी निघाली तर दंड तिकिटाहून जास्त होतो. दोन, युरोपियन पासपोर्ट नसलेल्या प्रवाशांचे कागद काही कंपन्या काउंटरवर वेगळे तपासतात. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून थेट सुरक्षा तपासणीकडे जाऊ नका, आधी काउंटरवर विचारा.

लांब पल्ल्याच्या रेल्वेची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त. जर्मनीत सवलतीचं तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. आणि जर्मन गाड्या वेळेवर धावतात हा आपल्याकडचा समज तिथे पहिल्या महिन्यातच उतरतो: २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर होत्या. पण नियम प्रवाशाच्या बाजूने आहेत. मुक्कामी २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा परत, १२० मिनिटं झाली तर अर्धा. विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो भरपाई आहे. अर्ज स्वतः करावा लागतो. फॉर्म दहा मिनिटांचा असतो आणि आपली मुलं तो भरत नाहीत. भरा.

एक मात्र लक्षात असू द्या. हे संरक्षण एकाच तिकिटावरच्या प्रवासाला आहे. पहिला टप्पा एका ॲपवर आणि दुसरा दुसऱ्या ॲपवर काढला, नि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरा चुकला, तर दुसरी कंपनी हात वर करते.

बस सगळ्यात स्वस्त, चार-पाच तासांपर्यंत ठीक. रात्रीची बस घेऊन मुक्कामाचे पैसे वाचवायचा बेत कागदावर छान दिसतो, पण दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये डुलक्या येतात. त्यापेक्षा रात्रीची झोपायची रेल्वे बरी. म्युनिक किंवा व्हिएन्नाहून व्हेनिसला आणि रोमला नाइटजेट जाते. तिच्यात बसायची जागा घेऊ नका, बर्थच घ्या. रात्रीची झोप गाडीत होत असेल तर ते तास पाचाच्या पट्टीत धरायचे नाहीत, एवढी एक सूट मी देतो.

इंटररेल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे आणि त्याला नागरिकत्व लागत नाही, परमिटवर मिळतो. पण तो सुट्टीसाठी. वीकेंडला परवडत नाही.

पाचवी पायरी: मुक्काम

हॉस्टेलच्या डॉर्मला (अनेक बेडच्या सामायिक खोलीला) लाजायचं काही नाही. स्टेशनपासून चालत पोचता येईल असं बघा, कारण शुक्रवारी तुम्ही रात्री ११ ला पोचणार. चेक-इन रात्री किती वाजेपर्यंत चालू आहे ते बुकिंगच्या आधी वाचा. लॉकर असतो, कुलूप नसतं. रविवार कारंजावरून निघतानाच एक छोटं पितळी कुलूप घेऊन जा. टॉवेल भाड्याने मिळतो, म्हणून आपला पंचा. मुलींसाठी वेगळी डॉर्म बहुतेक ठिकाणी असते आणि थोडी महाग पडते. शहर-कर वेगळा भरावा लागतो, तो दाखवलेल्या दरात असेलच असं नाही.

किचन असलेलं हॉस्टेल मिळालं तर शाकाहारी माणसाचा जीव वाचतो. बाहेर फलाफल, मार्गारिटा पिझ्झा आणि बेकरीतले ब्रेड मिळतातच, पण घरचे नियम कडक असतील तर लेबल वाचायची सवय लावा. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, आणि रंगीबेरंगी गमी गोळ्यांत जिलेटिन असतं.

सहावी पायरी: आधी काढायची तिकिटं

शहरात गेल्यावर बघू, हे सगळीकडे चालत नाही. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक घराची तिकिटं फक्त ऑनलाइन आणि सहा आठवडे आधीची, दर मंगळवारी खुली होतात. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. युरोपियन आर्थिक क्षेत्रात (युनियन अधिक नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन) राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या सगळ्यांना, भारतीय पासपोर्ट असला तरी, लूव्र फुकट आहे. परमिट दाखवायचं आणि वेळ आधी ठरवून घ्यायची. २६ वा वाढदिवस जवळ असेल तर पॅरिस यादीत वर घ्या. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत तरुणांची सवलत युनियनच्या नागरिकांनाच आहे, आपल्याला नाही, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सगळ्यांनाच फुकट असतात. त्या दिवशी गर्दीही तशीच.

शहर वाहतुकीच्या कागदी तिकिटावर शिक्का मारायला विसरू नका. प्रागच्या मेट्रोत आणि इटलीच्या प्रादेशिक गाड्यांच्या फलाटांवर त्यासाठी यंत्रं असतात. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस पर्यटकाची सबब ऐकून घेत नाही.

सातवी पायरी: खिसा, फोन आणि रविवार

जर्मनीत विद्यार्थ्याने महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात आणि बहुतेकांचा महिना त्यातच भागतो. भाडं, विमा आणि किराणा गेल्यावर उरतं त्यात एक मुक्कामाची आणि एकेका दिवसाच्या दोन-तीन सहली बसतात. मुक्कामाच्या सहलीला १२० युरोंच्या पुढे जाऊ नका असं मी सांगतो. जवळची सहल १५ युरोंत होते. प्रत्येक कॉफीचे रुपये करणं मात्र सोडा, नाहीतर घशाखाली उतरणार नाही.

प्राग, बुडापेस्ट आणि वॉर्सॉत युरोचं चलन नाही. कार्ड मशीन "युरोत घेऊ का?" असं विचारतं, तेव्हा तिथलंच चलन निवडा, युरो निवडलं की दर यंत्राच्या मालकाचा लागतो. युनियनच्या देशांत तुमचं सिम घरच्याच दरात चालतं, स्वित्झर्लंडमध्ये चालेलच असं नाही. झुरिकची गाडी सीमेजवळ आली की डेटा बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. नाशिकचं सिमही चालू राहू द्या, भारतीय बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातली सुपरमार्केट तेवढी उघडी असतात, त्यामुळे सोमवारचं दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा. पिण्याचं पाणी नळाचंच, बाटली भरत राहा. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. ती फेकू नका, स्टेशनवरच्या टॉयलेटला युरो लागतो.

बरोबर कोण

तिघं किंवा चौघं, त्याहून जास्त नकोत. सहा जणांत एकाला बिर्याणी हवी असते, एकाला झोप, आणि रविवारची गाडी सगळ्यांचीच सुटते. काँट्री रोजच्या रोज ॲपवर टाका. गप्पांचा विषय म्हणून नाशिकचा चिवडा पुरेसा असतो, पैशांचा नको. एकट्याने जायलाही हरकत नाही, विशेषतः दिवसाच्या सहलीला. आई-बाबा भेटायला येतील तेव्हा त्यांच्यासाठी मात्र बायर्न-टिकेटसारखं (बायर्न म्हणजे म्युनिकचं राज्य, बव्हेरिया) एका दिवसाचं गट-तिकीट काढा. त्यावर पाच जणांपर्यंत जाता येतं, शनिवार-रविवारी सकाळपासून चालतं आणि साल्झबर्गलाही नेतं.

निघण्याआधी घरी

पासपोर्ट, परमिट आणि विमा कार्ड यांचे स्कॅन घरच्या कोणाकडे तरी ठेवा, आणि शुक्रवारी निघताना हॉस्टेलचं नाव व परतीच्या गाडीची वेळ फॅमिली ग्रुपवर टाका. उन्हाळ्यात नाशिक साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. तुमचे रात्रीचे १० म्हणजे घरचे दीड किंवा अडीच, तेव्हा पोचल्याचा मेसेज रात्रीच टाकून ठेवा. सकाळी उठल्यावर पहिला तोच बघितला जातो.

अडचणीत ११२, हा नंबर सगळ्या युनियनमध्ये एकच आहे. परक्या शहरात पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीची लेखी प्रत घ्या, मग जवळच्या भारतीय दूतावासाला फोन. ती प्रत मिळेपर्यंत ते शहर सोडू नका, रविवारची गाडी चुकली तरी चालेल. दूतावासात आणि परतल्यावर परदेशी नागरिक कार्यालयात, दोन्हीकडे पहिल्यांदा तोच कागद मागतात.